एकाच दिवसाच्या राखेतून उगवलेले अरण्य

#धागा

१/ १३ जानेवारी १९३९, शुक्रवार. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्यात त्या दिवशी भडकलेल्या वणव्यांची राख समुद्र ओलांडून न्यूझीलंडपर्यंत पोहोचली. तेथील इतिहासात हा दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. त्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी माणसांच्या बाजूने. आजच्या धाग्यात आपण त्या दिवसानंतरच्या अरण्याचा इतिहास पाहणार आहोत. ते पुन्हा कसे उभे राहिले, कितपत उभे राहिले, आणि प्रत्येक वणव्यानंतर ऐकू येणारे ‘जंगल आपोआप सावरते’ हे वाक्य कितपत खरे आहे? धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. १९३८ चे वर्ष विलक्षण कोरडे गेले होते. ओढे आटले होते आणि एरवी बारमाही ओलसर असणाऱ्या डोंगरांतील पालापाचोळाही खडखडीत वाळला होता. डिसेंबरपासूनच ठिकठिकाणी लहानमोठ्या आगी धुमसत होत्या. १३ तारखेला उत्तरेच्या तप्त अंतर्भागातून सोसाट्याचे वारे आले आणि मेलबर्नचे तापमान ४५.६ अंश सेल्सियसवर गेले. हा उच्चांक पुढील सत्तर वर्षे अबाधित राहिला. त्या वाऱ्यात विखुरलेल्या आगी एकमेकींना मिळाल्या आणि डोंगरच्या डोंगर एकाच वेळी पेटले.

३/ ७१ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे २० लाख हेक्टर प्रदेश जळाला. नारबेथाँग, नूजी, वुड्स पॉइंट यांसारखी गावे जवळजवळ नकाशावरून पुसली गेली आणि ६९ सॉ मिल भस्मसात झाल्या. या मिल ऐन अरण्यात असत आणि कामगार कुटुंबांसह तेथेच राहत. पळून जाण्यास वाट नसे. काही ठिकाणी जमिनीत खोदलेल्या खंदकवजा आश्रयस्थानांत शिरून माणसे वाचली. जेथे तशी सोय नव्हती तेथे वाचण्याची आशा फारच थोडी होती. मॅटलॉकजवळच्या एकाच मिलवर १५ जण मरण पावले.

४/ सरकारने न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांचा शाही चौकशी आयोग नेमला. त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता: या आगी माणसांच्या हातून लागल्या होत्या. ताजे गवत यावे म्हणून कुरणे पेटवणारे पशुपालक, जमीन मोकळी करणारे वसाहतकार, खाणकामगार, मिलवाले, मुक्कामी प्रवासी, सारेच आगीशी सैलपणे वागत आले होते. या अहवालानंतर मिलवरील आश्रयस्थाने, नियंत्रित जाळणूक आणि ग्रामीण अग्निशमनाची एकत्रित व्यवस्था यांना चालना मिळाली. ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था १९४४ च्या कायद्याने स्थापन झाली, ती याच परंपरेत.

५/ आग कोणी लावली, या प्रश्नाचे उत्तर आयोगाने दिले. जळालेल्या अरण्याचे पुढे काय होणार, याचे उत्तर मात्र अरण्याकडेच होते, आणि ते देण्यास त्याला कित्येक दशके लागणार होती. ते समजून घेण्यासाठी आधी तेथील झाडांची ओळख हवी.

ही बहुतेक झाडे युकॅलिप्टस कुळातील. इंग्रजांनी निलगिरी पर्वतात त्यांची लागवड केली म्हणून मराठीत आपण त्यांना सरसकट ‘निलगिरी’ म्हणतो. प्रत्यक्षात या कुळात सातशेहून अधिक जाती आहेत, आणि आगीला तोंड देण्याची त्यांची रीत एकसारखी नाही. आपल्या कथेचे सारे मर्म या भेदात आहे.

६/ पहिली रीत तग धरण्याची. बहुसंख्य युकॅलिप्टसची साल जाड असते आणि तिच्याखाली सुप्त डोळे दडलेले असतात. शेंडा जळाला की हे डोळे जागे होतात आणि कोळशासारख्या काळ्या खोडाला थेट धुमारे फुटतात. काही जातींच्या बुंध्याशी, जमिनीलगत, गाठीसारखा कंद असतो. वरचे झाड पूर्णपणे जळाले तरी त्या कंदातून नवे कोंब येतात. वणव्यानंतर काही आठवड्यांतच काळ्या खोडांवर हिरवी लव दिसते, तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, आणि जंगल सावरले असे आपण मानतो. या झाडांपुरते ते बरेचसे खरेही असते.

७/ दुसरी रीत मरून मागे वंश ठेवण्याची. व्हिक्टोरियाच्या मध्यवर्ती उंच प्रदेशात ‘माउंटन अ‍ॅश’ नावाचा युकॅलिप्टस आहे. फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये त्याला ‘रेग्नान्स’, म्हणजे राज्य करणारा, असे नाव दिले, आणि ते सार्थ आहे. सपुष्प वनस्पतींत हा जगातील सर्वांत उंच वृक्ष असून टास्मानियातील एक झाड सुमारे १०० मीटर उंच आहे. ‘अ‍ॅश’ या नावाचा राखेशी काही संबंध नाही. युरोपातील अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाशी साम्य दिसल्याने वसाहतकारांनी ते दिले. तरीही या झाडाचे आयुष्य राखेपासूनच सुरू होते, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

८/ या सम्राटाची साल पातळ आहे. बुंध्याशी कंद नाही, आणि शेंडा जाळणाऱ्या आगीनंतर खोडाला धुमारे फुटून झाड वाचेल अशी आशाही नाही. तीव्र वणव्यात तो उभ्याउभ्या मरतो. मात्र शेंड्यावर लाकडी बोंडांत त्याने बियांचा साठा जपलेला असतो. आग ओसरल्यावर ही बोंडे वाळून उघडतात आणि बारीक बियांचा सडा राखेवर पडतो. जमिनीत हे बी फार काळ टिकत नाही. म्हणजे जे काही वारसाहक्काने द्यायचे आहे, ते याच एका वेळी.

९/ मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड अ‍ॅश्टन यांनी या अरण्याच्या अभ्यासात आपले आयुष्य घालवले. एरवी, आग नसताना, पडलेले बहुतेक बी मुंग्या वेचून नेतात, आणि त्यातूनही जे रुजते ते गर्द सावलीत, बुरशीच्या माऱ्यात मरून जाते. त्यामुळे प्रौढ अरण्यात शेकडो वर्षांच्या झाडांखाली त्यांचे एकही तरुण रोप दिसू नये, असे घडते. वणव्यानंतर मात्र इतके बी एकदम पडते की मुंग्यांना ते सारे वेचणे शक्य होत नाही. डोक्यावर मोकळे आकाश असते आणि पायाखाली राख.

१०/ राखेचे महत्त्व कोकणातील वाचकांना वेगळे सांगायला नको. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यामागील अनुभव याच जातीचा आहे. भाजलेल्या मातीत रोपांना उपयुक्त द्रव्ये सहज मिळतात आणि घातक बुरशीचा जोर काही काळ ओसरतो. १९३९ च्या पावसाळी महिन्यांत व्हिक्टोरियाच्या डोंगरांत नेमके हेच घडले. अशा वणव्यानंतर एका हेक्टरात लाखो रोपे उगवू शकतात. त्यांची उंचीसाठी जीवघेणी चढाओढ सुरू होते, पहिल्या काही दशकांत ती वर्षाला मीटरभर किंवा त्याहून अधिक वाढतात, आणि सावलीत राहिलेली मरत जातात. शतकभरात त्या लाखोंपैकी मोजकीच झाडे उरतात.

११/ या रंगमंचावर इतरही पात्रे आहेत. वॅटल ही आपल्या बाभळीच्या भाऊबंदांतली झाडे. त्यांचे टणक कवचाचे बी मातीत कित्येक दशके निजून राहते, आणि आगीच्या धगीने कवच तडकले की रुजते. नेचे भूमिगत खोडांतून पुन्हा पानावर येतात. ग्रास ट्री नावाची वनस्पती तर वणव्यानंतरच भरभरून फुलते. धुरातही बी जागे करणारे रसायन असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ते २००४ मध्ये ओळखले. नूंगार लोकांच्या भाषेतील धूर या अर्थाच्या शब्दावरून त्या रसायनांच्या गटाला पुढे ‘कॅरिकिन’ हे नाव मिळाले.

१२/ अशा रीतीने व्हिक्टोरियाच्या मध्य डोंगरांतील अ‍ॅश-अरण्याचा फार मोठा भाग एकाच वयाचा झाला. मैलोन्‌मैल पसरलेल्या लक्षावधी झाडांची जन्मतारीख जणू एकच, १९३९ चा उन्हाळा. १९६० च्या दशकात तेथे गेलेल्या प्रवाशाला सरळसोट, सतेज, हिरवेगार अरण्य दिसले असते आणि ‘निसर्ग सावरला’ असे त्याने खुशाल लिहिले असते. पण डोळ्यांना हिरवे दिसणे आणि अरण्य पूर्ववत होणे यांत किती अंतर आहे, हे दोन साक्षीदार सांगतात. एक आहे पाणी, दुसरा एक चिमुकला प्राणी.

१३/ पहिली साक्ष पाण्याची. मेलबर्नचे पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणात याच डोंगरांतील पाणलोट क्षेत्रांतून येते. १९३९ मध्ये जळालेल्या क्षेत्रांतील प्रवाहांच्या नोंदी जलतज्ज्ञांनी पुढे तपासल्या. १९८० च्या दशकात जॉर्ज कुझेरा यांनी त्यांवरून मांडलेला आलेख प्रसिद्ध आहे. दाट तरुण झाडे जुन्या झाडांपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषून हवेत सोडतात. परिणामी वणव्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी, म्हणजे अरण्य सर्वांत सतेज दिसते त्याच काळात, ओढ्यांना मिळणारे पाणी जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते. ते पूर्वपदाला येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात.

१४/ दुसरी साक्ष लेडबीटर पॉसमची. पोटाशी पिशवी असणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला हा निशाचर जीव मुठीत मावेल एवढा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो नामशेष झाला असावा असे मानले जात होते. १९६१ मध्ये मेरिसव्हिलजवळच्या केंबरव्हिल येथे एरिक विल्किन्सन यांना तो जिवंत आढळला. स्थळ आणि काळ दोन्ही अर्थपूर्ण आहेत. त्याला राहण्यासाठी जुन्या झाडांतील ढोली लागतात आणि खाण्यासाठी दाट वॅटलचा चीक व त्यावरचे कीटक. १९३९ च्या आगीने त्याला दोन्ही एकत्र दिले: उभे राहिलेले जुने मृत वृक्ष आणि त्यांच्याभोवती दाटलेली कोवळी झाडी.

१५/ परंतु ही सोय उसनी होती. मृत वृक्ष वर्षागणिक कोसळत असतात. शिवाय आगीनंतर कित्येक वर्षे जळके लाकूड काढण्याची घाई चालली. जंगलात प्रचंड ओंडक्यांचे ढीग रचून ते तडकू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचे फवारे सोडले जात. उभे मृत वृक्ष, म्हणजे उद्याच्या ढोली, त्यात गेले. आणि १९३९ मध्ये जन्मलेल्या झाडांत उपयुक्त ढोली पडण्यास किमान सव्वाशे-दीडशे वर्षे हवीत. तो हिशेब २०६० च्या पुढे जातो. जुन्या ढोली संपत चालल्या आहेत आणि नव्या अजून तयार नाहीत. हा पॉसम आज त्या दोन काळांमधल्या दरीत अडकला आहे.

१६/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. ‘पूर्ववत’ म्हणजे कोणत्या काळासारखे? मेलबर्नची स्थापना १८३५ ची. त्यापूर्वी हजारो वर्षे हा भूभाग वुरुंजेरी, ताउंगुरुंग, गुनाइकुर्नाई आणि इतर आदिवासी लोकांचा होता. योग्य ऋतूत, लहान लहान तुकड्यांत, विचारपूर्वक आग लावून त्यांनी गवताळ आणि विरळ वनांचे प्रदेश घडवले होते. पुरातत्त्वज्ञ ऱ्हीस जोन्स यांनी १९६९ मध्ये या पद्धतीला ‘अग्निदंडाची शेती’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या वसाहतकारांना जे दृश्य नैसर्गिक उपवनासारखे वाटले, त्याच्या मोठ्या भागामागे मानवी हात होता.

१७/ साथी, हिंसा आणि विस्थापन यांनी ही लोकसंख्या काही दशकांत कोसळली आणि तिच्याबरोबर आग हाताळण्याची ती विद्याही बाजूला पडली. स्थापनेनंतर अवघ्या सोळा वर्षांनी, ६ फेब्रुवारी १८५१ रोजी, ‘काळा गुरुवार’ उजाडला. व्हिक्टोरियाचा सुमारे चतुर्थांश भाग, अंदाजे ५० लाख हेक्टर, त्या वणव्यांनी व्यापला. विल्यम स्ट्रट या चित्रकाराने पुढे रंगवलेल्या भव्य चित्रात माणसे, घोडे, मेंढ्या आणि पक्षी एकाच दिशेने जीव घेऊन धावताना दिसतात. अरण्ये पेटण्याचा इतिहास जुना असला, तरी वसाहतीच्या काळात त्या आगीचे वेळापत्रक बदलत गेले.

१८/ आणि वेळापत्रक हाच या कथेचा कळीचा शब्द आहे. माउंटन अ‍ॅशला पुरेसे बी धरण्यास साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि न जळल्यास तो चारशे-पाचशे वर्षे जगू शकतो. दोन मोठ्या वणव्यांत शंभर वा दोनशे वर्षांचे अंतर असेल, तर आग त्याची दाई ठरते. तेच अंतर वीस वर्षांच्या आत आले, तर ती त्याचा निर्वंश करते. १९२६ च्या वणव्यांतही या डोंगरांत ६० च्या आसपास माणसे दगावली होती. त्या आगीनंतर उगवलेली रोपे १९३९ मध्ये जेमतेम तेरा वर्षांची होती. जेथे ती पुन्हा जळाली तेथे सोडायला बीच नव्हते. काही ठिकाणी उंच अरण्याच्या जागी नेचे, झुडपे आणि वॅटल यांचेच राज्य झाले.

१९/ तेव्हा तुरळक दिसलेले हे चित्र एकविसाव्या शतकात वारंवार दिसू लागले. अधिक उंचीवर वाढणारा ‘अल्पाइन अ‍ॅश’ हा याच स्वभावाचा भाऊ. २००३, २००६-०७, २००९ आणि २०१३ अशा लागोपाठच्या वणव्यांत त्याच्या काही वनांवर वयात येण्यापूर्वीच दुसरी-तिसरी आग आली. अखेर वनकर्मचाऱ्यांनी झाडांच्या शेंड्यांवरून बी गोळा करून ते हेलिकॉप्टरमधून हजारो हेक्टरांवर पेरले. अरण्य ‘आपोआप’ परत येण्याची मुदत संपली होती. आता त्याला माणसाने साठवलेल्या बियांचा आधार लागत होता.

२०/ ७ फेब्रुवारी २००९, ‘काळा शनिवार’. मेलबर्नचा १९३९ चा उच्चांक मोडून पारा ४६.४ अंशांवर गेला. १७३ माणसे मरण पावली. मेरिसव्हिल गाव जवळपास पूर्ण जळाले आणि पॉसमच्या अधिवासाचा मोठा भाग गेला. वॅलबी क्रीक येथील सुमारे तीनशे वर्षांचे माउंटन अ‍ॅशचे अरण्यही त्या दिवशी जळाले. डेव्हिड अ‍ॅश्टन यांनी ज्या वृक्षांखाली अनेक दशके मोजमापे घेतली, तेच हे अरण्य. चार वर्षांपूर्वी निधन पावल्याने त्यांना हे पाहावे लागले नाही. त्या राखेतूनही रोपे उगवली. पण पुन्हा तीनशे वर्षांचे अरण्य हवे असेल, तर २३०९ सालाची वाट पाहणे भाग आहे.

२१/ २०१९-२० च्या ‘काळ्या उन्हाळ्या’त देशभर मिळून २ कोटी ४० लाख हेक्टरांहून अधिक प्रदेश होरपळला. या वेळी आग गोंडवन काळाशी नाते सांगणाऱ्या पर्जन्यवनांतही शिरली. त्यांतील अनेक वृक्षांना धुमारे किंवा बोंडे यांपैकी कोणतीच युक्ती ठाऊक नाही, कारण ओलावा हेच त्यांचे संरक्षण होते. सिडनीजवळच्या एका गुप्त दरीत वोलेमी पाइनची, १९९४ मध्ये सापडलेल्या अतिप्राचीन वंशाच्या झाडांची, शंभराहूनही कमी प्रौढ झाडे नैसर्गिक अवस्थेत उरली आहेत. ती वाचवण्यासाठी अग्निशमन कर्मचारी हेलिकॉप्टरने दरीत उतरले, पाण्याचे फवारे बसवले आणि विमानांतून आगरोधक द्रव्य टाकले गेले. झाडे वाचली.

२२/ या साऱ्याचा अर्थ काय? ‘जंगल सावरते’ हे विधान खोटे नाही, पण ते अपुरे आहे. कोणते झाड, मागचा वणवा कधी झाला, आणि पुढचा कधी येईल, या तीन तारखांवाचून त्याला अर्थ नाही. निसर्गदृश्य काही महिन्यांत परत येते. उंच झाडांची सावली काही दशकांत येते. ओढ्याचे पाणी शतकाहून अधिक काळाने, आणि ढोलीतला संसार त्याहूनही उशिरा. वृत्तपत्रातले छायाचित्र यांतील फक्त पहिल्या टप्प्याचे असते. तापणाऱ्या हवामानात दोन वणव्यांतील अंतर घटत असताना पुढचे टप्पे गाठले जातील की नाही, हा आज खुला प्रश्न आहे.

२३/ १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक वनांतील व्यापारी लाकूडतोड थांबली आहे. आगीवर राज्याचा पूर्ण ताबा कधीच नव्हता. करवतीवर होता, आणि तो या निर्णयाने वापरला गेला. काळ्या शुक्रवारी जन्मलेली झाडे आज ऐंशीहून अधिक वर्षांची आहेत. माणसाच्या मोजमापाने ती वृद्ध ठरतील, अ‍ॅशच्या मोजमापाने ती तरुण आहेत. त्यांत पहिली ढोली पडेपर्यंत आणखी चाळीस-पन्नास वर्षे त्यांना आगीवाचून मिळायला हवीत.

धागा येथे संपतो. शंका, दुरुस्त्या आणि भर अवश्य खाली लिहा.